न छापलेल्या मजकुराची चूकभूल

नाना, सोमवारी सकाळी अंबाजोगाईच्या दवाखान्यातच तुम्ही गेलात. दुपारी तुम्हाला बीडला आणलं, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. ज्या पेपरचे तुम्ही आयुष्यभर संपादक होता, त्याच पेपरच्या मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर फोटोसह बातमी आली. बातमीत एक चूक होती. तुमचं गाव गेवराई तालुक्यातलं, उमापूरच्या अंगाचं. छापताना ते वडवणी तालुक्यात गेलं.

बुधवारी कार्यालयातच शोकसभा झाली. तुमच्या खुर्चीमागच्या भिंतीवर तुमचा फोटो हार घालून लावला होता. त्या भिंतीत एकच खिळा आहे, त्यालाच लावला. कोणता खिळा ते तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी पुढे सांगतो.

सभेत बरेच जण बोलले. उपसा सिंचन संस्थेचे चेअरमनही बोलले. ते म्हणाले, "नानांचा पेपर लई कडक. पण मला इचारल्याबिगर माझ्यावर एक ओळ त्यांनी कधी छापली न्हाई. असा संपादक पुन्हा व्हायचा न्हाई." लोकांनी माना हलवल्या. वाक्य खरं आहे. मी जुने अंक पाहिले आहेत. चेअरमनवर त्यांना विचारल्याशिवाय एक ओळ आलेली नाही. विचारूनही आलेली नाही.

मलाही बोलायला सांगितलं. मी नको म्हणालो. तिथे बोललो नाही ते इथे लिहितो आहे. तुम्ही शिकवलं त्या पद्धतीने लिहितो आहे: ज्यांची नावं आहेत त्यांची परवानगी घेतली आहे, ज्यांच्यावर बोट आहे त्यांना विचारलं आहे. एक बाजू मात्र मिळालेली नाही. ती तुमची.

मी तुमच्याकडे बातमीदार म्हणून आलो तेव्हा मला बातमी लिहिता येते असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलात. "गावात तीव्र संताप व्यक्त होत आहे." मग चष्म्यावरून बघून म्हणालात, "कोण व्यक्त करतंय? नाव लिही."

"सगळेच, नाना."

"सगळ्यांना घेऊन ये मग. खुर्च्या मागवतो." सगळी खोली हसली. हसू थांबल्यावर तुम्ही पुढे म्हणालात, "कुणाचं नाव मिळत नसंल तर तो संताप तुझा आहे बाबा. तुझा संताप घरी ठेवत जा. वाचकानं त्याचे पैसे दिलेले नाहीत."

तेव्हापासून मी नाव लिहीत आलो. "समजते", "बोलले जाते", "सूत्रांकडून कळते" हे शब्द तुम्ही पेपरातून हद्दपार केलेत. जिल्ह्यातले बाकीचे पेपर कुणाच्याही अब्रूवर निनावी लिहीत होते. तुमचा पेपर लिहीत नव्हता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती बातमीसारख्या छापायला तुम्ही नकार दिलात, तेव्हा मालकाशी तुमचं वाजलं, हे मी दाराबाहेरून ऐकलं आहे. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. हे वाक्य एकदाच लिहितो.

आणि ती चौकट. दुसऱ्या पानावर, डावीकडे वर, "चूकभूल". कालच्या अंकात जे चुकलं ते आज तिथे. चूक ज्याची त्यानेच लिहायची, आणि ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याला स्वतः जाऊन सांगायचं, ही तुमची रीत. लग्नपत्रिकेच्या जाहिरातीत नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव चुकलं, तर तुम्ही मांडवात जाऊन हात जोडून आलात. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत मेलेल्या भावाऐवजी जिवंत भावाचा फोटो छापला गेला, त्या दिवशीचं तर अजून सांगतात. जिवंत भाऊ, धोतर-टोपीतला म्हातारा, अंक काखेत मारून कार्यालयात आला.

"नाना, मी मेलो न्हाई."

तुम्ही उठून उभे राहिलात. त्याला तुमच्या खुर्चीत बसवलंत.

"माझी काय तक्रार न्हाई," म्हातारा म्हणाला. "पर पेपरात आलंय म्हणल्यावर सकाळी आमच्या मंडळीनं बी एकदा हात लावून बघितलं."

त्याला चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला लागला, तेव्हा तुम्ही आम्हाला म्हणालात, "बघा. तुमच्या पेपरात मेलेला माणूस चहा पितोय. नीट बघून घ्या." दुसऱ्या दिवशी ती चूकभूल पहिल्या पानावर गेली.

त्या चौकटीवर जिल्ह्याचा विश्वास होता. माझाही होता. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे.

तो दुष्काळ सगळ्यांना आठवतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. वडवणीच्या पलीकडे एक साठवण तलाव आहे. त्यातलं उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवल्याचा सरकारी आदेश होता. तलावाखालच्या विहिरीवर टँकर भरायचे आणि आसपासच्या गावांना जायचे. तलावातून शेतीला पाणी उचलणाऱ्या सहकारी संस्थेचे मोटारपंप बंद केल्याचं कागदोपत्री झालं होतं. त्या संस्थेचे चेअरमन तेच. जनावरांची चारा छावणीही त्यांच्याच संस्थेकडे होती. म्हणजे त्या भागात माणसाला प्यायचं पाणी कमी पडू लागलं ते ज्याच्यामुळे, जनावराला चारा मिळत होता तोही त्याच्याच हातून. हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कौसाबाई तलावाकाठच्या गावातली. नवरा गेलेला, दोन गायी आणि चार शेरडं. गायी छावणीत बांधलेल्या, शेरडं घेऊन ती तलावाच्या कोरड्या पोटात फिरायची. शेरडं एका कोपऱ्यात गेली म्हणून तिला ते दिसलं. ती मला म्हणाली, "तळ्यात चर खंदलाय. उरलंसुरलं पाणी त्या चरातनं कोपऱ्यात आणत्यात, अन् तिथनं मोटर वडती. वर बाभळीच्या काट्या टाकल्यात, कुणाला दिसू नये म्हणून. लेकरू बाटलीला नळी लावून पितंय बघा, तसं तळं पितेत."

मी जाऊन चर पाहिला. फोटोग्राफरने फोटो काढले. तुम्ही फोटो उजेडात धरून बघितलेत.

"चर दिसतोय. कुणाचा ते दिसत नाही."

"मी स्वतः उभा होतो नाना. पाइप चेअरमनच्या उसाकडं जातो."

"तू बातमीदार आहेस, साक्षीदार नाहीस. मोटर चालू करताना कुणाला कुणी बघितलंय?"

कौसाबाईने बघितलं होतं. संस्थेचा नोकर मोटर सुरू करताना तिने दोनतीनदा पाहिला होता. गावात आणखी लोकांना माहीत होतं, पण कुणी नाव द्यायला तयार नव्हतं. सगळ्यांची जनावरं छावणीत होती. मी तुमचा नियम कौसाबाईला सांगितला: नावाशिवाय छापता येत नाही. तिने लांब गेलेलं शेरडू हाकून जवळ आणलं. मग म्हणाली, "खोटं बोलले असते तर नाव लपवलं असतं. लिही. कौसाबाई लिही."

मी बातमी आणून दिली. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि दुसरा नियम काढलात. "हिचा चेअरमनवर काही राग? बांधाचं भांडण? भावकी?"

"काही नाही. उलट तिच्या गायी त्यांच्याच छावणीत आहेत."

"मग ते लिही."

"कशाला?"

"वाचकाला कळलं पाहिजे, की बाई आकसानं बोलत नाही. ज्याचं खाते त्याच्याविरुद्ध बोलतेय. तिच्या शब्दाला वजन येतं त्यानं." तुम्ही स्वतः ते वाक्य समासात लिहिलंत. तुमचं अक्षर मला आजही डोळ्यांपुढे आहे: सदर महिलेच्या दोन गायी याच संस्थेच्या छावणीत आहेत.

आणि मग तिसरा नियम, ज्यासाठी तुम्ही जिल्ह्यात ओळखले गेलात. दुसरी बाजू. ज्याच्यावर आरोप, त्याला बातमीचा पूर्ण मजकूर पाठवायचा, हाती द्यायचा, पोच घ्यायची. फोनवर विचारलेलं तुम्हाला चालायचं नाही. उत्तर येईपर्यंत मूळ कागद तुमच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवायचा. खोलीत सगळे त्याला नानांचा खिळा म्हणत. उत्तर आलं की कागद खिळ्यावरून उतरायचा आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापल्या जायच्या. किती तरी चांगल्या बातम्या त्या खिळ्यावरून उतरल्या आहेत, हे मी नाकारत नाही.

मी म्हणालो, "नाना, पाठवताना तिचं नाव काढू. गायींचं वाक्यही काढू. आरोप काय आहे तेवढंच विचारू."

तुम्ही म्हणालात, "मग तो म्हणणार, निनावी आरोपाला मी उत्तर देत नाही. बरोबरच म्हणेल. आपल्यावर बोट कोण दाखवतंय हे कळायचा माणसाला हक्क असतो, बाबा. चेअरमन झाला म्हणून जात नाही तो हक्क."

"आणि तिचं काय?"

"तिचं नाव उद्या पेपरात येणारच आहे ना? सगळा जिल्हा वाचणार. आज एकानं वाचलं तर काय बिघडलं?"

हा आपला वाद इथून सुरू झाला, नाना. तुमचं उत्तर मी तेव्हाही मान्य केलं नव्हतं, फक्त त्यात काय चुकतंय ते मला बोट ठेवून दाखवता आलं नव्हतं. आता दाखवतो. पेपरात नाव आलं असतं तर तिच्यामागे छापलेली बातमी उभी राहिली असती. तहसीलदारांनी वाचली असती, टँकरची वाट बघणाऱ्या गावांनी वाचली असती. तिला हात लावणं चेअरमनला अवघड गेलं असतं. तुम्ही तिला बातमीशिवाय, एकटीला, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलंत. सोबत तिच्या गायी कुठे बांधल्या आहेत तेही लिहून दिलंत. स्वतःच्या अक्षरात.

पोच आली. चेअरमनचा निरोपही आला: आठ दिवसांत बाजू देतो, तोवर थांबा. तुम्ही निरोप वाचून समाधानाने मान हलवलीत. "बघ. माणूस उत्तर देतो म्हणतोय. रीतीनं गेलं की रीतीनं येतं."

छावणीत काय झालं ते मी कौसाबाईकडून आणि तिथे हजर असलेल्या दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. तिन्ही सांगण्यात फरक नाही. सकाळी ती पाणी पाजायला गेली तेव्हा तिच्या गायी सोडून दारापाशी उभ्या केल्या होत्या.

छावणीवरचा माणूस म्हणाला, "तुझी नोंद चुकून झालती मावशे. तुझं गाव ह्या छावणीत बसत न्हाई."

"कावून? कालपर्यंत बसत व्हतं की. समद्या गावाची जनावरं हितं हायेत."

"ते मला ठाव न्हाई. वरनं आलंय."

"आरं, एक गाभण हाय. हिला कुठं नेऊ?"

त्यावर तो हसला आणि म्हणाला, "ने की पेपरवाल्याकडं. तिथं लई कागद हाय. गाय कागद बी खाती."

बाजूचे लोक हसले. हसणाऱ्यांत तिच्या भावकीतलेही होते, हे तिने सांगितलं. त्यांना तिने दोष दिला नाही. "त्येंची बी जनावरं आत व्हती," एवढंच म्हणाली.

दुसरी छावणी लांब होती. तिथे नोंदी भरल्याचं सांगण्यात आलं. मी तहसीलमध्ये बोललो, तिथे बघतो म्हणाले. वैरण विकत मिळत नव्हती. आठवडी बाजाराला तिने दोन्ही गायी वडवणीला नेल्या. त्या दिवसांत बाजारात विकणारे दिसत होते, घेणारे दिसत नव्हते. गायी गेल्या. गाभण होती तीही गेली. घेणारा कोण होता हे तिला माहीत नाही. तिने विचारलं नाही.

नंतर ती एकदा बीडला कार्यालयात आली. एसटीने आली, कुणी बोलावलं नव्हतं. बाकड्यावर बसली. तुम्ही बाहेर आलात, नमस्कार केलात, पाणी मागवलंत. तुम्ही कुणाशीही उद्धट वागला नाहीत हे शोकसभेत तिघांनी सांगितलं. तेही खरं आहे.

ती म्हणाली, "नाना, एक इचारायचं व्हतं. माझं नाव पेपरात आलं का?"

"नाही बाई, अजून नाही. त्यांची बाजू यायची आहे."

"मंग त्येंच्याकडं कसं गेलं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे बघत होतो. मग तुम्ही तिला म्हणालात, "बाई, ती आमची पद्धत आहे."

ती म्हणाली, "लई चांगली हाय पद्धत." टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. ग्लासातलं पाणी तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं आणि एसटीला निघून गेली. तुम्ही आत जाऊन अग्रलेख लिहायला बसलात. त्या दिवशीचा अग्रलेख पाण्याच्या काटकसरीवर आहे.

चेअरमनची बाजू आली नाही. आठ दिवसांनी आणखी आठ दिवस मागितले, तुम्ही दिलेत. तोवर तलावाचं तळ उघडं पडलं. चर बुजवला होता, काट्या उचलल्या होत्या. टँकर लांबच्या धरणावरून येऊ लागले. मी बातमी छापा म्हणून तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "आता तिथं काय दाखवणार? पाणी नाही, मोटर नाही, चर नाही. बाईचा शब्द राहिला. तिच्या गायी छावणीतून काढल्या, म्हणजे आता तिला राग असायला कारण आहे. आता ती साक्ष आकसाची ठरते."

हे वाक्य तुम्ही बोललात, नाना. शांतपणे, नियम समजावून सांगावा तसं. मी ते जसंच्या तसं लिहिलं आहे.

कागद खिळ्यावर राहिला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत खिळा मोकळा केला गेला.

मी तेव्हा तुमच्यावर एक संशय घेतला, तोही नोंदवतो. तुम्हाला चेअरमनने विकत घेतलं असेल असं मला वाटलं. मी शोध घेतला. संस्थेची जाहिरात त्या वर्षी पेपरात आलेली नाही. तुमच्या नातलगांपैकी कुणी संस्थेत नाही. तुम्ही त्यांच्या घरी गेला नाहीत, ते तुमच्याकडे आले नाहीत. तुम्ही विकले गेला नव्हता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. राग वाढला. विकला गेलेला माणूस आपण काय केलं ते जाणतो. तुम्हाला ते कधी दिसलंच नाही. तुम्हाला पेपर निर्मळ हवा होता आणि तो निर्मळ राहिला. त्याची किंमत पेपरच्या बाहेर, दुसऱ्याच्या दावणीला फेडली गेली.

मग मी एकच मागणी केली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. चूकभूलच्या चौकटीत चार ओळी: आमच्या कामाच्या पद्धतीमुळे माहिती देणाऱ्या एका महिलेचं नाव, बातमी छापण्याआधी, ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्यापर्यंत गेलं. त्यामुळे तिचं नुकसान झालं. ही चूक पेपरची आहे. पेपर दिलगीर आहे. चेअरमनचं नाव नको, तलावाचंही नको. तिचं नाव ती सांगेल तसं.

तुम्ही म्हणालात, "चूकभूल छापलेल्या मजकुराची असते."

"म्हणजे?"

"काल काय चुकीचं छापलं, ते आज दुरुस्त. आपण तिच्याबद्दल काही छापलंच नाही. न छापलेल्या मजकुराची चूकभूल कशी छापणार?"

"पण चूक झाली ना?"

"वाचकाच्या बाबतीत नाही झाली."

मी नोकरी सोडली त्यामागे हे एकच कारण नव्हतं, पण हे होतं. त्यानंतरही दर काही महिन्यांनी तुमच्याकडे येत राहिलो. तुमच्या घरी चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, की मी विचारायचो, "नाना, त्या चार ओळींचं?" तुम्ही म्हणायचा, "आला का परत तुझा वेताळ?" कधी हसून, कधी चिडून. एकदा वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, टाका की चार ओळी. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका छापल्या." तुम्ही पेपर डोळ्यांसमोर धरलात. मी मात्र घरी जाताना पहिल्यांदा समजलो, की वहिनींनाही सगळं माहीत आहे. म्हणजे तुम्ही घरी हा विषय काढला होता. कधी, कसा, हे तुम्ही मला सांगितलं नाही. आता कळायचा मार्ग नाही.

शेवटचं भेटलो ते अंबाजोगाईला. खिडकीजवळची खाट होती. तुम्ही खूप वाळला होता, पण शेजारच्याकडून पेपर मागून वाचत होता आणि चुका दाखवत होता. मी त्या दिवशी काही विचारणार नव्हतो. तुम्हीच विचारलंत.

"ती बाई आहे का रे अजून?"

"आहे."

"जनावरं घेतली का पुन्हा?"

"नाही. शेरडंच आहेत."

तुम्ही हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "आण तुझ्या चार ओळी. लिहून आण."

त्या ओळी मला पाठ होत्या. तिथेच कागद घेऊन लिहिल्या. तुम्ही चष्मा लावलात, पेन मागितलंत. "नुकसान झालं" याच्या आधी तुम्ही "मोठं" घातलंत. मग ते खोडलंत आणि समासात लिहिलंत: काय नुकसान ते लिहा. बरोबर होतं. मी ओळ बदलली: तिला दोन गायी विकाव्या लागल्या, त्यातली एक गाभण होती. तुम्ही मान हलवलीत.

मला वाटलं, झालं.

मग तुम्ही कागद पुन्हा वाचलात आणि विचारलंत, "यात माझी बाजू कुठाय?"

"तुमची?"

"चूक पेपरची म्हणजे माझी. माझ्यावर आरोप आहे हा. मला विचारल्याशिवाय कसा छापणार?" तुम्ही हसत नव्हता. "मी देतो लिहून. दोन ओळीच देतो. थांब दोन दिवस."

मी थांबलो. दुसऱ्या कुणी थांब म्हटलं असतं तर मी थांबलो नसतो, पण हे तुम्ही शिकवलेलं होतं. कागद तुमच्या उशाशी ठेवून मी निघालो. जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "आज लई दिवसांनी त्यांनी पेन मागितलं."

दोन दिवसांनी तुम्हाला बोलता येत नव्हतं. सोमवारी तुम्ही गेलात.

तुमच्या सामानात तो कागद मिळाला. वहिनींनी मला बोलावून दिला. त्यावर माझ्या ओळी आहेत, तुमची दुरुस्ती आहे. खाली तुम्ही "बाजू" असा शब्द लिहिला आहे आणि पुढे दोन टिंबं दिली आहेत. त्यापुढे काही नाही.

मंगळवारी मी कौसाबाईकडे गेलो. तुम्ही गेल्याचं सांगितलं. ती शेळीला पाला टाकत होती. "चांगला माणूस व्हता," म्हणाली. "पाणी दिलतं मला." मी विचारलं, तिचं नाव घालून हे सगळं लिहिलं तर चालेल का. यावेळी काय होऊ शकतं तेही सांगितलं, नीट, एकेक करून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता छाप. दावण रिकामी हाय. काय सोडून नेतेत?"

चेअरमनना हा मजकूर मी वाचून दाखवला. तो पाठवला नाही, समोर बसून वाचला, आणि कागद परत घेऊन आलो. त्यांनी सांगितलेलं पूर्ण देतो: "गेलेल्या माणसामागं हे कशाला उकरून काढता? चर-बिर मला ठाऊक न्हाई. छावणीत ज्याची नोंद व्हती त्याला चारा मिळाला. नाना देवमाणूस होते."

तुमच्या जागी आता जे संपादक आहेत ते तुमच्याच हाताखाली तयार झाले. शोकसभेनंतर मी त्यांना कागद दिला, तुमचं अक्षर दाखवलं. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. मग ते म्हणाले, "नानांनी स्वतः बाजू मागितली आहे. ती आल्याशिवाय मी कसं छापू?"

मी म्हणालो, ती येणार नाही.

ते म्हणाले, "मग मी अडकलो ना. पद्धत त्यांचीच आहे."

आज गुरुवार. आजचा अंक समोर आहे. दुसऱ्या पानावर, डावीकडे वर, चूकभूलची चौकट आहे. मंगळवारच्या अंकातील निधनवार्तेत आमच्या माजी संपादकांचं गाव वडवणी तालुक्यात असल्याचं नजरचुकीने छापलं गेलं, ते गेवराई तालुक्यात आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत, असा मजकूर आहे. चौकटीत ही एकच दुरुस्ती आहे.